वाटणीत न येणारे घर

पुण्याच्या जुन्या पेठांतला वाडा रस्त्याकडे पाठ करून उभा असतो. बाहेरून दिसते ते घडीव दगडाचे जोते, त्यावरची विटांची भिंत, मोजक्या खिडक्या आणि एक थोराड दरवाजा. त्या दरवाज्यातच माणसापुरती दिंडी. घराचे तोंड आत, चौकाकडे असते. देवडी ओलांडली की चौक, चौकाभोवती ओसरी, ओसरीमागे सोपा, माजघर, देवघर, स्वयंपाकघर, आणि वर माडी. मातब्बर वाड्याला दोन-तीन चौक असत: पहिला कारभाराचा, दुसरा घरच्यांचा, मागचा गोठ्याचा आणि धुण्याभांड्यांचा. सागवानी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कडीपाट, आणि मधोमध ऊन, वारा, पाऊस तिन्हींना मोकळे आकाश. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावाचे पाणी जमिनीखालच्या नळांनी शहरात आले, तेव्हा ते पेठांतल्या हौदांत आणि काही वाड्यांच्या चौकांतही पोहोचले.

असा वाडा उतरवून त्या जागी सदनिकांची इमारत उभी करणे ही गेल्या अर्धशतकात पुण्यात सर्रास घडलेली गोष्ट आहे. युरोपातल्या शहरांत जुन्या हवेलीचे बाहेरचे कवच राखून आत फ्लॅट पाडण्याची पद्धत आहे. पुण्यात बहुधा वाडा जोत्यापासून जातो आणि त्याचे नाव तेवढे नव्या इमारतीच्या पाटीवर राहते. व्यवहारात हा जमिनीचा, चटईक्षेत्राचा आणि भाडेकरूंचा प्रश्न मानला जातो. पण वाड्यात कुळाचे देव असतात, जमिनीत वास्तुप्रतिमा पुरलेली असते, चौकात तुळस असते आणि पाच-सहा पिढ्यांचे कुलाचार त्या जागेशी बांधलेले असतात. त्यामुळे बिल्डरशी करार होण्याआधीच एक जुना प्रश्न समोर येतो: घर वाटून घेताना त्यातले काय वाटता येते, आणि काय वाटण्याचा अधिकार मालकालाही नसतो?

वाडे का पडले, याची कारणे फारशी गूढ नाहीत. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधून ठेवली. भाडेकरूला त्यामुळे संरक्षण मिळाले, ते गरजेचेही होते. पण भाड्याच्या पैशात कौले फेरणेही मालकाला परवडेना. दर पिढीला वारस वाढले, वाटण्या झाल्या, एका सोप्यात तीन चुली मांडल्या गेल्या. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि नदीकाठच्या पेठांतले शेकडो वाडे मातीच्या भिंतींसह बसले. त्या जागांवर जे उभे राहिले ते सिमेंटचे होते. पुढे जमिनीच्या किमती चढल्या तेव्हा उरलेल्या वाड्यांचे मोल त्यांच्या लाकडापेक्षा त्यांच्या खालच्या जमिनीत आहे, हे प्रत्येक वारसाला कळले. प्राचीन स्मारकांच्या कायद्यातल्या २०१० च्या दुरुस्तीने संरक्षित स्मारकांपासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला बंदी आली आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगीची अट. शनिवारवाड्याच्या आसपासचे वाडे त्यामुळे वेगळ्याच कोंडीत सापडले: पाडून नवे बांधता येत नाही, राखायला पैसा नाही, आणि पावसाळ्यात कोणती भिंत ढासळेल याचा भरवसा नाही.

नवी इमारत म्हणजे तोच वाडा का, हा प्रश्न भारतीय दर्शनांना नवा नाही. त्यांनी तो रथावर आणि वस्त्रावर सोडवून पाहिला आहे. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात भिक्षू नागसेन यवन राजा मिलिंदाला विचारतो की तू ज्या रथातून आलास तो रथ म्हणजे काय: आस, चाके, जू, की लगाम? राजा एकेकाला नकार देतो आणि अखेर मान्य करतो की या सगळ्यांच्या आधाराने वापरले जाणारे ते एक नाव आहे. या न्यायाने वाडा म्हणून वेगळी वस्तू कधी नव्हतीच. खांब होते, तुळया होत्या, माणसे होती, आणि त्या सर्वांना मिळून लोक वाडा म्हणत. मग पाडताना नष्ट काय झाले? जोडणी सुटली, एवढेच.

नैयायिकांना हे उत्तर पटत नाही. न्यायसूत्रांत आणि वात्स्यायनाच्या भाष्यात अवयवी, म्हणजे अवयवांहून वेगळा असा पूर्ण पदार्थ, आग्रहाने सिद्ध केला आहे. वस्तूचे एक टोक धरून ओढले की सगळी वस्तू येते. नुसत्या कणांची रास असती तर हातात धरलेले तेवढेच आले असते. पूर्ण पदार्थ आपल्या अवयवांत समवाय नावाच्या संबंधाने राहतो. पण या मताची किंमतही नैयायिकांनी न कचरता मोजली आहे. वस्त्राचा एक तुकडा फाटला की त्यांच्या मते जुने वस्त्र संपते आणि उरलेल्या धाग्यांत नवे, खंडित वस्त्र उत्पन्न होते. हे वाड्याला लावले तर कठोर निष्कर्ष निघतो. पहिला वाटा पडून मधे भिंत आली त्या दिवशीच जुना वाडा गेला. पुढे बिल्डरने जो पाडला तो त्या वाड्याचा तिसरा किंवा चौथा वारस होता.

दोन्ही मतांत ताकद आहे, आणि दोन्हींत एकच उणीव आहे. दोघेही वस्तूकडे बघतात. वाडा मात्र नुसती वस्तू नाही. माणसे, मृत पूर्वज, देव आणि अद्याप न जन्मलेले वंशज यांच्यातल्या कर्तव्यांचे ते एक स्थान आहे. कर्तव्याची ओळख लाकडाच्या ओळखीने मोजता येत नाही. शंभर वर्षांत वाड्याचे निम्मे खांब बदलले तरी नवरात्र त्याच घराचे राहते. आणि उलट, खांब न खांब जागेवर असूनही ज्या वाड्यात कुणी दिवा लावत नाही त्याला लोक पडका म्हणू लागतात.

म्हणूनच या प्रश्नाचे सगळ्यात कामाचे उत्तर तर्कशास्त्रात सापडत नाही. ते धर्मशास्त्राच्या अशा एका प्रकरणात आहे जे तत्त्वज्ञान म्हणून सहसा वाचले जात नाही: दायविभाग, म्हणजे वारसांतल्या वाटणीचे नियम.

एक गैरसमज आधी दूर करायला हवा. धर्मशास्त्र एकत्र कुटुंबाचे भाबडे गुणगान करत नाही. भावांनी एकत्र राहावे किंवा धर्माची इच्छा असेल तर वेगळे व्हावे, कारण वेगळे झाल्याने धर्म वाढतो, असे मनुस्मृतीचा नववा अध्याय सांगतो. एकत्र घरात पंचमहायज्ञ एकाच्या नावाने होतात. चार चुली झाल्या की चार गृहस्थ होतात, चार ठिकाणी अतिथी जेवतो, चार ठिकाणी पितरांना पाणी मिळते. वाड्याचे फ्लॅट होणे हे या दृष्टीने मुळातच पाप नाही. ते चार घरे होणे आहे.

पण त्याच अध्यायात वाटणीला मर्यादाही घातली आहे. काही गोष्टी वाटू नयेत अशी तिथे यादी येते: वापरातली वस्त्रे, वाहन, अलंकार, शिजवलेले अन्न, पाणी, स्त्रिया, योगक्षेम आणि प्रचार. कल्याणीच्या चालुक्य दरबारी विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर ‘मिताक्षरा’ लिहिली, आणि महाराष्ट्रातला वारसाहक्काचा जुना कायदा मुख्यतः तिच्यावर उभा राहिला. तिच्या विवेचनात पाणी म्हणजे विहिरीसारखा साठा, जो आळीपाळीने वापरायचा. प्रचार म्हणजे घराकडे, बागेकडे जाण्यायेण्याची वाट. आणि योगक्षेमात यज्ञादी इष्टकर्मांबरोबर तळी, बागा अशी लोकांसाठी केलेली पूर्तकर्मेही येतात. स्मृतिकार बृहस्पतीला ही यादी पुरेशी विचारपूर्वक वाटली नाही. श्रीमंताची सारी दौलतच वस्त्रालंकारांत असू शकते, ती कुणा एकाच्या हाती ठेवून कसे चालेल, असा त्याचा आक्षेप. तोही विहिरीच्या पाण्याचे तुकडे करायला सांगत नाही. गरजेप्रमाणे उपसावे म्हणतो.

या वादाचा गाभा आजही टिकून आहे. ज्या गोष्टीचे तुकडे केल्यावर प्रत्येक तुकडा निरुपयोगी होतो, किंवा जी मुळात एका माणसासाठी केलेलीच नव्हती, ती वाटायची नसते. ती पाळीने सांभाळायची असते. घराचे घरपण अशा गोष्टींत असते. खोल्या वाटता येतात, सोने वाटता येते, जमीनही गुंठ्यांत वाटता येते. वाट, पाणी, चौक आणि देव हे न वाटता उरतात, आणि वाड्याची ओळख त्या उरण्यातच आहे. रथाला चाकांपलीकडे काही आहे का, हा नागसेनाचा प्रश्न वाड्याच्या बाबतीत असा सुटतो: सगळ्यांचे भाग काढून घेतल्यावर जे कुणाच्याच भागात येत नाही, तो वाडा.

आधुनिक कायदा याच जागी येऊन पोहोचला आहे, हे आश्चर्याचे वाटायला नको. १९७० चा महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप कायदा प्रत्येक सदनिकेच्या मालकाला सामाईक जागांत अविभक्त हिस्सा देतो आणि त्या जागांच्या वाटणीचा दावा करण्यास मनाई करतो. जिना, गच्ची, पाण्याची टाकी, आत येण्याची वाट यांचे तुकडे पडत नाहीत. म्हणजे पाणी आणि प्रचार या दोन गोष्टी आजही अविभाज्यच आहेत. फरक भावनेत आहे. वाड्यात सामाईक जागा घराच्या मध्यभागी होती, सर्वांत मानाची होती. इमारतीत ती सदनिका मापून झाल्यावर उरलेली जागा असते.

हा फरक वास्तुशास्त्राच्या भाषेत फार नेमकेपणाने सांगता येतो. मत्स्यपुराणातल्या कथेप्रमाणे अंधकासुराशी लढताना शिवाच्या घामातून एक महाभूत जन्मले. ते सर्व काही गिळू लागले तेव्हा देवांनी त्याला जमिनीवर पालथे पाडून दाबून धरले. ज्या देवाने जो भाग धरला तिथे तो बसला. हाच वास्तुपुरुष. ८१ किंवा ६४ पदांच्या मंडलात पंचेचाळीस देवता त्याच्या अंगावर बसलेल्या आहेत, आणि मधली पदे ब्रह्म्याची: ८१ च्या मंडलात नऊ, ६४ च्या मंडलात चार. वराहमिहिराने सहाव्या शतकात ‘बृहत्संहिते’त बजावले आहे की सुखाची इच्छा असणाऱ्या गृहस्थाने घराच्या मध्यावरचे हे ब्रह्मस्थान उष्ट्याखरकट्यापासून जपावे, तिथे विटाळ झाला तर ताप गृहपतीला होतो. वाड्याचा चौक हे याच विचाराचे बांधलेले रूप आहे. घराचा सर्वांत पवित्र भाग म्हणजे जिथे कुणीही काही बांधलेले नाही तो भाग.

चटईक्षेत्राच्या हिशोबात ही जागा वाया गेलेली ठरते. नव्या इमारतीत त्या जागी लिफ्टचा खड्डा येतो, डक्ट येतो, नाहीतर गाड्या लागतात. आजचे वास्तुसल्लागार दरवाजा कुठल्या दिशेला, शौचालय कुठल्या कोपऱ्यात, ओट्याचे तोंड कुठे, याची मोठी चर्चा करतात. मधोमध मोकळे आकाश गेले याबद्दल मात्र क्वचितच कुणी विचारतो. शास्त्राचा जो भाग एका कुटुंबाच्या लाभहानीशी जोडता येतो तो उरला, आणि जो सर्वांना मिळून सांभाळावा लागतो तो सुटला. या विषयात याहून मोठी हानी दुसरी नाही. पडलेल्या नक्षीदार खांबांपेक्षाही ती मोठी आहे.

वास्तुशांतीचा प्रश्नही असाच अडतो. महाराष्ट्रातल्या रूढीप्रमाणे वास्तुशांतीच्या वेळी वास्तुप्रतिमा घराच्या आग्नेय कोपऱ्यात जमिनीत पुरतात, आणि सणावारी तिला नैवेद्य दाखवतात. वास्तू तथास्तु म्हणत असते, म्हणून घरात अभद्र बोलू नये, ही समजूत घरोघर आहे. वाडा एका जोत्यावर एक होता तेव्हा वास्तुपुरुषही एक होता. पाचव्या मजल्यावरच्या सदनिकेला स्वतःची जमीनच नाही. तिथे फरशी उचलून स्लॅबच्या वरच्या थरात प्रतिमा बसवली जाते आणि प्रत्येक मालक आपापली वास्तुशांती करतो. एकाच भूखंडावर वीस वास्तुपुरुष, एकावर एक. यजमान बदलला की कर्म पुन्हा करायचे, हे तर्काला धरून आहे. पण भूमी एकच असताना तिच्या नावे सर्वांनी मिळून काहीच करायचे नाही, ही उणीव राहतेच. बांधकामाच्या सुरुवातीचे भूमिपूजन बहुतेक वेळा बिल्डर करतो, आणि तो तिथे राहणार नसतो.

जुने पाडून नवे बांधायला धर्माचा विरोध नाही, हेही स्पष्ट म्हटले पाहिजे. जीर्णोद्धार हे मोठे पुण्यकर्म मानले गेले आहे. अग्निपुराण त्यासाठी वेगळा अध्याय देते: भंगलेली मूर्ती लाकडाची असेल तर अग्नीला, दगडाची असेल तर खोल पाण्याला द्यावी, आणि त्याच मापाची, त्याच द्रव्याची नवी स्थापावी. पुरीच्या जगन्नाथाच्या नवकलेवरात हा विचार टोकाला जातो. १९९६ आणि त्यानंतर २०१५ साली तिथल्या लाकडी मूर्ती बदलल्या गेल्या. देवाचे सत्त्व मानला जाणारा ब्रह्मपदार्थ जुन्या मूर्तीतून नव्या मूर्तीत मध्यरात्री, डोळे बांधून हलवला जातो. जुन्या मूर्ती मंदिराच्या आवारातल्या कोइली वैकुंठात पुरल्या जातात, आणि दइतापती सेवक घरातले माणूस गेल्यासारखे सुतक पाळतात. साक्षात देवाचा देह बदलता येत असेल तर वाड्याचा बदलायला हरकत कसली?

हरकत नाही, पण नवकलेवरात तीन गोष्टी घडतात आणि वाड्याच्या बाबतीत त्यांतली एकही बहुधा घडत नाही. तिथे काय हलवायचे आहे हे आधी ठरलेले असते. जुन्याला निरोप दिला जातो, तो मोडीत जात नाही. आणि शोक केला जातो, उघडपणे, विधी म्हणून. वाड्याचे लाकूड मात्र पाडण्याच्या कंत्राटातच ठेकेदाराकडे जाते. कोरीव खांब आणि महिरपी जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्यांमार्फत हॉटेलांत, रिसॉर्टांत, दूरच्या बंगल्यांत पोहोचतात. पाडलेल्या घराचे लाकूड नव्या घराला लावू नये, असा निषेध वास्तुग्रंथांत आढळतो. त्यामागे अशुभाची भीती असेल, तशीच अंतकाळ झालेल्या वस्तूबद्दलची अदबही असेल. कुटुंबाचा शोक तर कागदपत्रांच्या धावपळीत बुडून जातो. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना तो नीट करू द्यावा, देव हलवताना उत्तरपूजा व्हावी, चौकातली तुळस उपटून टाकण्याऐवजी तिची माती आणि मंजिऱ्या नव्या कुंडीत जाव्यात. या गोष्टींना खर्च येत नाही. त्या टाळल्या तर पुढच्या पिढीला काय गेले हे कधीच कळत नाही.

देवांचा प्रश्न वास्तूपेक्षा अधिक अवघड आहे, कारण इथे घर सोडून जाणारा आणखी एक जण आहे आणि त्याचे मत घ्यायचे कसे, हा पेच येतो. देवघरातले देव चल असतात: कुलस्वामी खंडोबाचे, भवानीचे, जोतिबाचे चांदीचे टाक, पंचायतन, बाळकृष्ण, अन्नपूर्णा. ते पाटावर उचलून नेता येतात. भाऊ विभक्त झाले की मूळ टाक बहुधा थोरल्याकडे राहतात आणि धाकटे नवे टाक करून घेतात. कुलाचार प्रत्येकाचा वेगळा सुरू होतो. इथे वाटणी अडत नाही, उलट मनूने म्हटल्याप्रमाणे धर्म वाढतो. अडते ते चौकातल्या किंवा वाड्याच्या आवारातल्या प्रतिष्ठित मूर्तीपाशी. सरदार आणि सावकार घराण्यांच्या अनेक वाड्यांत गणपतीची, विष्णूची, रामाची छोटी देवळे होती, त्यांना वर्षासने लावून दिलेली होती. ही मूर्ती अचल. तिची जागा हा तिच्या प्रतिष्ठेचाच भाग.

भारतीय कायद्याने अशा देवतेला व्यक्ती मानले आहे. कलकत्त्याच्या मल्लिक घराण्यातला खटला १९२५ साली प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला तो याच मुद्द्यावर. पूर्वजाने कुलदैवतासाठी ठाकूरबाडी बांधून दिली होती. भावांत पूजेच्या पाळ्या ठरल्या, आणि आपल्या पाळीत देव आपल्या घरी न्यावा असे एका भावाला वाटले. देव म्हणजे हलवण्याजोगी मालमत्ता नव्हे, असे न्यायाधीशांनी ठरवले. तो स्वतः पक्ष आहे, त्याचे स्थान ठरवताना त्याच्या इच्छेचा विचार झाला पाहिजे, आणि ती इच्छा मांडण्यासाठी निःपक्षपाती प्रतिनिधी हवा. घरातल्या स्त्रियांनाही म्हणणे मांडायची संधी मिळावी, असे त्या निकालात आहे. त्याआधी काही वर्षे मुंबई उच्च न्यायालयानेही सार्वजनिक देवळातली मूर्ती भक्तांच्या विरोधाला न जुमानता नव्या इमारतीत हलवण्याचा व्यवस्थापकाचा हक्क नाकारला होता.

देवाची इच्छा, हा शब्दप्रयोग ऐकून आधुनिक मन बिचकते. पण त्यातला विचार नीट पाहावा. वाड्याच्या करारात सही करणारे सगळे आपापल्या हिश्शाचे बोलतात. ज्याला हिस्सा नाही, ज्याला फ्लॅट मिळणार नाही, ज्याला बोलता येत नाही, त्याच्या वतीने बोलणारा कुणीतरी असलाच पाहिजे, आणि त्याचा स्वतःचा त्यात लाभ नसावा, ही ती अट आहे. ती देवाला लागू आहे, तशीच अल्पवयीन वारसाला, परगावी गेलेल्या विधवा आत्याला आणि पुढच्या पिढीलाही लागू व्हायला हवी. देऊळ खासगी की सार्वजनिक, हेही तपासावे लागते. देवकीनंदन विरुद्ध मुरलीधर या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५६ साली कसोटी सांगितली: लाभ घेणारे ठरावीक कुटुंबीय आहेत, की निश्चित न करता येणारा मोठा समुदाय? शेजाऱ्यांना दर्शनाला परवानगी होती एवढ्याने वाड्यातले देऊळ सार्वजनिक होत नाही. पण लोकांचा दर्शनाचा हक्कच असेल, आणि देवस्थान न्यास म्हणून नोंदलेले असेल, तर धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीवाचून त्याची जमीन विकता येत नाही. मालकाच्या अधिकाराला लागलेली ही कुंपणे त्रासदायक वाटतात. खरे पाहता योगक्षेम वाटू नये या जुन्या नियमाचाच तो आजचा अवतार आहे.

एवढे म्हणून वाड्याबद्दल गळा काढणे खोटे ठरेल. अविभाज्य गोष्टींच्या त्या प्राचीन यादीत स्त्रियाही आहेत, आणि टीकाकारांनी त्यांचा अर्थ दासी असा लावला आहे. विहिरीच्या पाण्याप्रमाणे दासीही वारसांनी पाळीपाळीने वापरायची, असे त्या विचाराचे रूप होते. पेशवाईतल्या पुण्यात वाड्यावाड्यांतून कुणबिणी, म्हणजे अशा दासी, होत्या, त्यांची खरेदी-विक्री दप्तरांत नोंदलेली आहे. चौक सर्वांचा म्हटला तरी सर्वांत कोण येत होते हे पाहावे लागते. केशवपन केलेल्या विधवेला मागच्या खोलीत आयुष्य काढावे लागे. सोवळ्याओवळ्याच्या रेषा सोप्यापासून माजघरापर्यंत आखलेल्या होत्या. अस्पृश्य मानलेल्या माणसाला दिंडीच्या आत पाऊल टाकता येत नव्हते. पुढच्या काळात एका खोलीत बिऱ्हाड करून राहिलेल्या भाडेकरूला सामाईक नळ आणि मागचा सामाईक संडास वाट्याला आला. त्याच्या दृष्टीने वाड्याच्या जागी मिळालेला स्वतःच्या नावाचा फ्लॅट, आत नळ आणि आत शौचालय, ही मुक्ती आहे. दरवाजा लावून घेता येणारी स्वतःची खोली ज्या बाईला प्रथमच मिळाली, तिला ब्रह्मस्थान गेल्याचे दुःख करायला सांगणे अन्याय आहे.

म्हणून अविभाज्य काय, हा प्रश्न जसा आहे तसाच अविभाज्यात कोण, हाही आहे. धर्मशास्त्राने पहिल्याचे उत्तर चांगले दिले आणि दुसऱ्याचे फार वाईट दिले. सदनिकांच्या इमारतीत परिस्थिती उलटी आहे: पैसे भरणाऱ्या कुणालाही, निदान कायद्याने, जिना आणि गच्ची यांवर सारखाच हक्क आहे, पण त्या जागांना काही अर्थ नाही. वाड्याचे फ्लॅट करताना खरे धर्मकार्य या दोहोंच्या मधे आहे. भूखंडाच्या मधोमध चौकाइतकी जागा मोकळी ठेवता येते. काही वास्तुरचनाकारांनी पेठांतल्या लहान भूखंडांवरही आतून हवा-उजेड देणारा चौक राखून इमारती बांधल्या आहेत, आणि त्या अधिक गार राहतात हा अनुभव आहे. हौद बुजवण्याऐवजी पावसाचे पाणी त्यात सोडता येते. जोत्याचे दगड, दिंडीचे कवाड, एखादा खांब नव्या प्रवेशापाशी ठेवता येतो. मात्र त्याला शोभेची वस्तू न समजता तिथून रोज जाण्यायेण्याची वाट असावी.

वाड्यातली प्रतिष्ठित मूर्ती नव्या इमारतीत राहणार असेल तर तिचे काय करायचे, हे करार करतानाच ठरवावे लागते. जागा कुटुंबाच्या नावे की सोसायटीच्या, पूजेच्या पाळ्या कुणाच्या, पुजाऱ्याचे मानधन आणि तेलवातीचा खर्च कुणाकडे, दर्शनाला कुणालाही मोकळीक की वेळ ठरलेली, हे सारे लिहून ठेवलेले बरे. खर्च सर्व सभासदांवर वाटला तर नव्या सदनिका घेणारे अन्य धर्माचे किंवा देव न मानणारे लोक त्याला बांधील कसे, हा आक्षेप रास्त आहे. म्हणून तो मूळ कुटुंबांच्या निधीतून चालावा आणि दर्शन मात्र सर्वांना खुले असावे, ही रचना अधिक न्याय्य. कुटुंबातली मुले परदेशी गेली असतील तर नवरात्राची पाळी कोण करील, याचेही उत्तर त्याच कागदात हवे. पाळी चुकली तर देव दुसऱ्या शाखेकडे जातो की जवळच्या देवस्थानाकडे, हेही. अशी कलमे लिहायला वकिलांना संकोच वाटतो आणि भावांना वाईट वाटते. ती न लिहिल्यामुळे मात्र भाऊ न्यायालयात गेले आहेत आणि मूर्ती कुलूपबंद खोलीत राहिल्या आहेत.

अनेक सोसायट्यांत भाद्रपदात पार्किंगमधल्या गाड्या हलवून तिथेच गणपती बसतो. वर्गणी सगळे देतात, आरतीला मजल्यामजल्यावरची माणसे खाली उतरतात, आणि दहा दिवस ती जागा कुणाची नसते. जिथे पूर्वी वाडा होता तिथे हा गणपती बसतो तेव्हा ब्रह्मस्थान दहा दिवसांपुरते मोकळे होते असे म्हणता येईल. त्यात कोणाला बोलावले जाते, सफाई करणाऱ्या बाईच्या हाती आरतीचे तबक येते का, वरच्या मजल्यावरचे ख्रिस्ती किंवा मुसलमान कुटुंब प्रसादाला येते का, यावर तो चौक जुन्या वाड्याचा की नव्या घराचा हे ठरते.